मुक्कामी गाडी आणि डॉक्टरचा नंबर

नांदेड-लातूरकडे डॉक्टरची अपॉइंटमेंट कुणी घेत नाही. नंबर लावतात. "नंबर लावलास का?", "कितवा आहे?", "आता कितवा चालूय?" या तीन प्रश्नांवर अख्खा दवाखाना चालतो. सकाळी सात-साडेसातला शटर अर्धं वर जातं, कंपाउंडर वही काढतो आणि पायरीवर बसलेली माणसं नावं सांगायला लागतात. काही डॉक्टरांकडे फोनवर नंबर लागतो, पण तो फोन सकाळी ठरावीक अर्धा तासच उचलला जातो. त्या अर्ध्या तासात लागला तर लागला.

पुण्यात नोकरीला आल्यावर मला अपॉइंटमेंट नावाची वस्तू पहिल्यांदा नीट भेटली. ११:२० म्हणजे ११:२०. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले तर लोक रिसेप्शनवर जाऊन तक्रार करतात. हे बघून मला मौज वाटली होती, कारण आमच्याकडे डॉक्टर उशिरा येणं ही तक्रार करण्यासारखी गोष्टच नाही. नंबर तुम्हाला क्रम देतो, वेळ देत नाही. तुम्ही सत्तेचाळीसावे आहात एवढंच त्यातून कळतं. सत्तेचाळीसावा माणूस साडेअकराला आत जाईल की अडीचला, हे डॉक्टर कधी येतात, मधेच सिझेरियन निघतं का, आणि ओळखीचे किती जण "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणून घुसतात यावर ठरतं.

माझ्या कामात स्लॉट बुकिंगचा संबंध येतो, म्हणून हा फरक डोक्यात बसला. क्रम आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रम देणारी व्यवस्था गृहीत धरते की माणूस दारात बसून आहे आणि त्याचा दिवस मोकळा आहे. वेळ देणारी व्यवस्था गृहीत धरते की तो जवळच राहतो आणि सांगितल्या वेळेला येऊ शकतो. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून निघालेल्या बाईला या दोन्हींतलं काहीच लागू पडत नाही. तिचा दिवस एसटीनं ठरवलेला असतो. नांदेड-लातूरमध्ये डॉक्टर भेटणं सोपं की अवघड याचा इतिहास लिहायचा तर दवाखान्याच्या दारापासून मागे, रस्त्याकडे जावं लागतं.

आधी थोडं बाहेरचं. अपॉइंटमेंट ही गोष्ट कायमच होती असं आपल्याला वाटतं, पण मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती बरीच अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली मोफत आरोग्यसेवा सुरू झाली आणि ओपीड्या तुडुंब भरल्या. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकाच वेळी बोलावून बसवून ठेवायची पद्धत होती. कारण साधं होतं: डॉक्टर रिकामा बसता कामा नये. नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये या रांगांचा हिशेब मांडला. त्याचा सल्ला आजही आमच्या क्षेत्रात शिकवतात. ओपीडी सुरू होताना दोन रुग्ण हजर ठेवा आणि मग एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला बोलवा. डॉक्टर फारसा मोकळा बसत नाही आणि रुग्णाचे तासन् तास वाचतात. त्यात एक अट होती, डॉक्टरनं वेळेवर यावं. गणित सगळीकडे सारखंच, अटही सारखीच.

आमच्याकडची गोष्ट मात्र बेलीच्या गणितात बसत नाही, कारण ती वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते.

मराठवाड्यात कितीही मोठं रुग्णालय असलं तरी त्याला दवाखानाच म्हणतात, आणि पेशंटला ॲडमिट केलं असं न म्हणता 'शरीक केलं' म्हणतात. पुण्यातल्या मित्राला मी एकदा फोनवर "मामाला शरीक केलंय" म्हणालो तर तो विचारात पडला, कशात शरीक? हे शब्द निजामाच्या राज्यातून आलेले, आणि त्या राज्याची आरोग्यव्यवस्थाही त्यांच्यासोबत आलेली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातला खरा मोठा दवाखाना एकच, हैदराबाद शहरात. १९०८ च्या महापुरात मुसी नदीनं तिथलं जुनं रुग्णालय उद्ध्वस्त केलं आणि १९२० च्या दशकात नदीकाठीच उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. डॉक्टर घडवणारं कॉलेजही हैदराबादलाच. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. म्हणजे कंधारच्या किंवा औशाच्या मराठी पोराला डॉक्टर व्हायचं तर आधी घर सोडायचं, मग भाषा बदलायची. इकडं डॉक्टर कमी का होते याचं बरंचसं उत्तर यात आहे.

मग लोक जायचे कुठं? जिकडं रूळ जायचे तिकडं. नांदेड मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आलं, त्यामुळे नांदेडचा आजार हैदराबादच्या दिशेनं निघाला. सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. लातूरचं तोंड उलट्या दिशेला होतं. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि तिचं दुसरं टोक १९२७ मध्ये मिरजेला. मिरजेत विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ मध्ये उघडलेलं रुग्णालय होतं आणि शस्त्रक्रियेसाठी त्याचा दूरवर बोलबाला होता. कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलली की सोलापूर. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'मिरजेला नेलं' याचा अर्थ आजार हाताबाहेर गेला, एवढाच असायचा. परत आला की नाही हा पुढचा प्रश्न.

ही दोन तोंडं अजूनही तशीच आहेत. नांदेडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो हैदराबादचं नाव काढतो, लातूरचा माणूस सोलापूर-पुण्याचं. कॅन्सर म्हटलं की लातूर-धाराशिवकडे आजही बार्शी आठवते, तिथं १९८० च्या दशकापासून कॅन्सरचं रुग्णालय आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रूळ कुठून टाकायचे हे कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराकडे बघून ठरवलं, आणि त्याच रुळांनी आमचे डॉक्टर ठरवले.

१९५६ साली नकाशा बदलला. हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला. हा भाग शाळेत अभिमानानं शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण तालुक्यांच्या पातळीवर काय झालं ते कुणी शिकवत नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नांदेडचा मुधोळ तालुका आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं तिकडं आंध्रात गेली. भाषेच्या हिशेबानं हे बरोबर होतं. दवाखान्याच्या हिशेबानं उदगीरकरांचं काय झालं बघा: जवळचं बिदर परराज्यात गेलं आणि जिल्ह्याचं ठिकाण झालं उस्मानाबाद. तिथं पोचायला लातूर ओलांडून पुढं जायचं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत, म्हणजे २६ वर्षं, उदगीरच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण हे असं होतं.

किनवटचं अजूनही तेच आहे. नांदेड शहर तिथून शंभर किलोमीटरहून लांब, माहूर त्याच्याही पलीकडे. आदिलाबाद जवळ. त्यामुळे किनवटकर आदिलाबादला जातात, उदगीर-देवणीकडचे बिदरला, देगलूर-बिलोलीचे निजामाबादला. सरकारी कागदांत ते महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी आरोग्य केंद्राच्या लोकसंख्येत मोजलेले असतात आणि प्रत्यक्षात तेलंगण-कर्नाटकातल्या रांगेत बसलेले असतात.

स्वातंत्र्यानंतर डॉक्टर गावाकडे नेण्याची कल्पना कागदावर चांगली होती. भोर समितीनं १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि १९५२ पासून देशात अशी केंद्रं उघडू लागली. पुढे निकष ठरला: सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक. हा निकष लोकसंख्येचा आहे, अंतराचा नाही. किनवटच्या जंगलपट्टीत वीस हजार माणसं गोळा करायची म्हणजे किती रान तुडवावं लागतं, याला त्या आकड्यात जागा नाही. केंद्राची इमारत असते, पाटी असते, बहुतेक वेळा सिस्टरही असतात. डॉक्टर आहेत का, हे गावात जाऊन विचारायचं.

मोठ्या सोयी फार उशिरा आल्या. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला निघालं. लातूरमध्ये १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. पुण्यात शिकलेल्या डॉक्टरांनी ठरवून लातूरला येऊन राहायचं, ही त्या काळी उलटी गंगा होती. १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि लातूरच्या उत्तरेकडच्या खेड्यांना 'मोठा दवाखाना' म्हणून अंबाजोगाई मिळालं. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय यायला १९८८ उजाडलं, लातूरच्या सरकारी महाविद्यालयाला २००२. दरम्यान १९८४ मध्ये दांडेकर समितीनं रस्ते, सिंचन यांच्यासोबत आरोग्यसेवेचाही अनुशेष मोजून दाखवला होता. अनुशेष हा शब्द आमच्या पिढीनं इतक्या भाषणांत ऐकलाय की तो आता पंख्याच्या आवाजासारखा झालाय. पण १९५६ आणि १९८८ या दोन आकड्यांमध्ये ३२ वर्षं आहेत. त्या ३२ वर्षांत नांदेडच्या प्रत्येक अवघड बाळंतपणाला औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठायचं होतं, नाहीतर तिथंच जे होईल ते.

लातूरच्या महाविद्यालयानं एक नवी गंमत केली. शहरातलं शासकीय रुग्णालय महाविद्यालयाकडे गेलं, म्हणजे ते आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे गेलं. रुग्णाला खात्याशी काय देणंघेणं? आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत झाले, पण तो निर्णय आरोग्य खात्याच्या रुग्णालयांसाठी होता. वेगळ्या जिल्हा रुग्णालयाची मागणी लातूरकर वर्षानुवर्षं करतायत ती यामुळेही. नांदेडमध्ये महाविद्यालय विष्णुपुरीला, शहराबाहेर गेलं. जागा मोठी, इमारती मोठ्या. फक्त एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाला आता पुढं ऑटोचे पैसे लागतात.

सरकारी सोय उशिरा आल्यामुळे मधली जागा खासगी दवाखान्यांनी भरली. नांदेडमध्ये एका वस्तीचं नावच डॉक्टर लेन आहे. तिथं सकाळी गेलात तर प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे आणि फायली घेतलेली माणसं, औषधाच्या दुकानांपुढच्या रांगा आणि मोटरसायकलींमधून वाट काढणारे ऑटो दिसतील. बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त, अमावस्येला कमी, पेरणीच्या दिवसांत आणखी कमी. पेरणी आजारी माणसालाही थांबवून ठेवते. आणि महिन्यातून एखादा रविवार असतो, जेव्हा हैदराबादचे किंवा पुण्याचे तज्ज्ञ येतात. हृदयाचे, मेंदूचे, किडनीचे. पेपरात जाहिरात येते, चौकात बॅनर लागतो, खाली 'नाव नोंदणी आवश्यक'. हा रविवारचा डॉक्टर म्हणजे माझ्या मते मराठवाड्यानं स्वतः शोधलेली अपॉइंटमेंट आहे. तारीख नक्की, वेळ नाही. लोक आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला येतात.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे डॉक्टर तयार करण्याचा कारखाना लातूरमध्येच आहे. 'लातूर पॅटर्न'चं नाव ऐकलं नाही असा अकरावीचा पालक महाराष्ट्रात नसेल. मी इंजिनिअरिंगला गेलो, पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं मेडिकलच्या मागे होती. आणि तरी अनेक वर्षं नियम असा होता की वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी, ३० टक्के बाहेरच्यांसाठी. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, म्हणून जागा कमी, म्हणून इथल्या पोरांना जास्त मार्क लागायचे. सप्टेंबर २०२० मध्ये हा ७०-३० चा नियम रद्द झाला. मुलांना न्याय मिळाला, यात शंका नाही. पण डॉक्टर झाल्यावर परत कोण येतं? माझ्या ओळखीच्यांपैकी बरेच पुणे, मुंबई, संभाजीनगरला आहेत. मी स्वतः पुण्यात बसून हे लिहितोय, त्यामुळे त्यांना बोलायचा मला अधिकार नाही.

आता ॲपची गोष्ट. सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणीची केंद्र सरकारची यंत्रणा २०१५ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, ई-संजीवनी ओपीडी आली, घरी बसून व्हिडिओवर डॉक्टर. २०२२ च्या अखेरीपासून ओपीडीच्या खिडकीवर क्यूआर कोड लागायला लागले: मोबाइलनं स्कॅन करा, आभा खात्यातली माहिती आपोआप जाते, केस पेपरची रांग वाचते. तांत्रिकदृष्ट्या यातलं बरंच काम चांगलं आहे. केस पेपरच्या खिडकीवर नाव, वय, गाव ओरडून सांगण्यात जाणारा वेळ खरोखर वाचतो. पण स्कॅन केल्यावर मोबाइलवर काय येतं? टोकन नंबर. ई-संजीवनीवरही टोकन घ्यायचं आणि स्क्रीनसमोर रांगेत थांबायचं. वही गेली, स्क्रीन आली, नंबर तोच राहिला. आणि क्यूआर कोड रुग्णालयाच्या भिंतीवर आहे, म्हणजे तो स्कॅन करायला आधी तिथवर पोचायला हवं.

पोचण्याची खरी यंत्रणा दुसरीच आहे आणि ती ॲपच्या कितीतरी आधीची. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९५६ नंतर मराठवाड्यातला तिचा भाग मुंबई राज्याच्या एसटीत आला. तिच्यातूनच आमच्याकडे मुक्कामी गाडी रुजली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघते. कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, कोर्टाची तारीख असलेले लोक आणि दवाखान्यात जाणारे, सगळे तिच्यात. मुक्कामी गाडी असलेल्या गावातला माणूस वही बंद व्हायच्या आत दवाखान्यात पोचतो. ज्या गावात पहिली गाडी साडेनऊला येते, तिथला माणूस बाराला पोचतो, तेव्हा सकाळची ओपीडी आवरत आलेली असते. त्याला दोन पर्याय उरतात: 'उद्या या' ऐकून परत जाणं, किंवा खासगीत नव्वदावा नंबर.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल इथं बोलत नाही, त्यांचे पगार बघितले तर बोलण्यासारखं काही उरतही नाही. पण ते पाच-सहा महिने मुक्कामी गाड्या बंद होत्या, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय झालं याची नोंद कुठल्याच डॅशबोर्डवर नाही. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. माझी आजी तेव्हापासून डोळ्याच्या डॉक्टरकडे कुणाला न विचारता जाते. आधी पोरानं पैसे द्यायची वाट बघायची. आरोग्य खात्यानं या दोन निर्णयांचं श्रेय घेतलेलं मी ऐकलं नाही. घ्यायला हरकत नव्हती.

आणि मग २०२३ चा ऑक्टोबर. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात बाळं होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. देशभरच्या वाहिन्या विष्णुपुरीला आल्या. एका खासदारानं अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, त्याचे व्हिडिओ फिरले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं नव्हती, माणसं नव्हती असा आरोप झाला, सरकारनं औषधांचा तुटवडा नाकारला. त्या गदारोळात रुग्णालयाच्या बाजूनं सांगितलेली एक गोष्ट मागे पडली: सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात अशी सोय असलेलं हे एकच रुग्णालय आहे आणि बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत बाहेरून आले होते. हे जबाबदारी झटकणं म्हणून ऐकता येतं, आणि काही अंशी ते असेलही. खाटांपेक्षा रुग्ण कितीतरी जास्त असताना औषधं आणि परिचारिका वाढवणं हे सरकारचंच काम होतं. पण बाहेरून, उशिरा, हे दोन शब्द खरे आहेत हे इकडं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. तालुक्याला दाखवलं, त्यांनी पुढं पाठवलं, मधे खासगीत दोन दिवस काढले, पैसे संपले तेव्हा विष्णुपुरी. दोन किलो वजनाच्या बाळासाठी हा प्रवास म्हणजे आयुष्यभराचा प्रवास असतो.

कामातल्या सवयीनं मी एकदा एक्सेल उघडून बसलो. किनवट, माहूर, हिमायतनगर, मुखेड, देगलूरहून नांदेडला येणारी सकाळची पहिली गाडी किती वाजता पोचते, तो रकाना एकीकडे. स्टँडपासून विष्णुपुरीचा वेळ दुसरीकडे. त्यावरून रोजच्या नंबरांपैकी काही लांबच्या तालुक्यांसाठी अकरानंतर राखून ठेवायचे. बेलीच्या गणितात एवढीच दुरुस्ती. त्याला ना ॲप लागतं, ना आभा कार्ड. केस पेपरच्या खिडकीवर तालुक्याचं नाव तसंही विचारतातच, आणि गाड्यांचं वेळापत्रक डेपोच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. ते वेळेवर चालतं का, हा प्रश्न तेवढा एसटीला विचारावा लागेल.